भावना खरी, निष्कर्ष चुकीचा

शाळेतून घरी यायला अर्धा तास उशीर झाला, एवढंच निमित्त. बावीस वर्षांची मुलगी दार उघडते आणि म्हणते, "तुला मी नकोच आहे." सकाळी हीच मुलगी "आई, तुझ्यासारखं कुणी नाही" म्हणत गळ्यात पडली होती. आमच्या परिचयातल्या एका शिक्षिकेच्या घरी हे कित्येक वर्षं चालू होतं, आणि आम्ही सगळे त्याला 'नाटकं' म्हणून मोकळे होत होतो.

या विकाराचं नाव 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर'. नाव जरा फसवं आहे. १९३८ साली अ‍ॅडॉल्फ स्टर्न या मनोविश्लेषकानं काही रुग्णांना न्यूरोसिस आणि सायकोसिस यांच्या सीमारेषेवरचे मानलं, त्यातून ते रूढ झालं. 'थोडासाच आजार' असा त्याचा अर्थ नव्हे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांच्या मते अशा माणसांच्या भावना चटकन पेटतात, तीव्र असतात आणि निवायला वेळ लागतो. त्यात भोवतालचे लोक "यात रडण्यासारखं काय आहे?" असंच म्हणत राहिले, तर भावना ओळखून आवरायला शिकणं राहूनच जातं. (याचा अर्थ दोष आईबापांचा, असा मात्र कुणी काढू नये.)

मग आईनं काय म्हणावं? "अगं, तुझ्यासाठीच तर राबते!" हे खरं असलं, तरी त्या क्षणी मुलीला ऐकू येतं ते 'तुझं दुःख खोटं आहे' एवढंच. त्यापेक्षा "मी वेळेवर आले नाही, तू घाबरलीस ना?" असं विचारता येतं. यात तिची भीती मान्य केली आहे, 'मी नको आहे' हा निष्कर्ष नाही. आरडाओरडा सोसत बसण्याचीही गरज नाही. "मी दहा मिनिटं आत जाते, मग बोलू," असं सांगावं. पण दहा मिनिटांनी खरोखर परत यावं. टाकून दिलं जाण्याची भीती हाच तर इथला गाभा आहे.

हात कापून घेणं, जीव देण्याची भाषा, याकडे 'लक्ष वेधण्यासाठी' म्हणून कधीही काणाडोळा करू नये. आत्महत्येचा धोका खरा असतो. तातडीनं मनोविकारतज्ज्ञ गाठावा. २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

तरुणपणी आपणही स्वतःला इजा करून घेत होतो, इस्पितळात होतो, हे लिनेहन यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांची लक्षणं वर्षांगणिक ओसरलेली आढळली आहेत. आमच्या त्या बाई उशीर होणार असेल, तर आता शाळेतूनच घरी फोन करतात. मुलगी कधी चिडते, कधी नुसतं "बरं" म्हणते.