दुसऱ्या क्लिकचे पैसे कुणाचे?

एकाच जाहिरातीवर लागोपाठ दोनदा क्लिक झाले, तर जाहिरातदाराने पैसे एकदा द्यायचे की दोनदा? डबल-क्लिकची सवय लागलेला हात दुव्यावरही दोनदा टिचकी मारतो, आणि गूगल २००५ पर्यंत त्या दुसऱ्या टिचकीचेही पैसे लावत असे. जाहिरातदारांनी अमेरिकेतील आर्कान्सात भरलेल्या दाव्यात २००६ मध्ये ९ कोटी डॉलरची तडजोड झाली. तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठाचे अलेक्झांडर तुझिलिन यांनी आपल्या अहवालात खोटे क्लिक रोखण्याचे कंपनीचे प्रयत्न वाजवी ठरवले. पण क्लिकमागचा हेतू बरेचदा ओळखताच येत नाही, हेही नोंदवले. म्हणूनच मला वाटते, मोजणीतली चूक कुणाच्या खिशातून जावी हे यंत्रावर सोडू नये, ते करारात उघड लिहावे.

मोजणीचे तंत्र सुंदर आहे. बर्टन ब्लूम यांनी १९७० मध्ये सुचवलेल्या ‘ब्लूम फिल्टर’मध्ये शून्यांनी भरलेली बिटांची लांब पट्टी असते. आयपी पत्ता, कुकी आणि जाहिरातीचा क्रमांक यांवरून बनलेली क्लिकची खूण काही हॅश फंक्शनमधून जाते; प्रत्येक फंक्शन पट्टीवरची एक जागा सांगते आणि तिथे १ मांडला जातो. नव्या क्लिकच्या सगळ्या जागी आधीच १ असेल, तर ते बहुधा येऊन गेलेले. एक जरी शून्य सापडले, तर नक्की नवे. १ कोटी क्लिकना प्रत्येकी १० बिट दिले तरी साडेबारा एमबी पुरतात, आणि सात फंक्शन वापरल्यास चूक शेकडा एकच्या आत राहते. ती चूकही एकाच बाजूची! आधी नोंदलेली खूण कधी निसटत नाही, नवी मात्र क्वचित जुनी ठरते. नुकसान जाहिरात विकणाऱ्याचे होते, आणि ते तसेच व्हावे. मोजणीची वही ज्याच्या हाती, संशयाचा फायदा त्याला मिळू नये.

खरा पेच ‘तोच माणूस’ ठरवण्यात आहे. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटीच, त्यामुळे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. पत्ता अडवला की निरपराध ग्राहकही अडतात. उलट ‘मेथबॉट’ टोळीने १,९०० हून अधिक सर्व्हर आणि साडेसहा लाखांवर आयपी पत्ते वापरून यंत्रांना माणसे म्हणून खपवले. तिचा सूत्रधार अलेक्झांडर झुकोव्ह याला २०२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. पत्ते मोजून असा माणूस हाती लागणे कठीण.

मग ब्राउझरची बारीकसारीक ठेवण टिपून माणूस ओळखावा, असे कोणी म्हणेल. ते जमतेही: इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४.७ लाख ब्राउझर तपासले, तेव्हा ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. पण ही ठेवण सराईत भामटा बदलू शकतो. पाळत राहते ती साध्या वाचकावर. त्यापेक्षा माणसाला न अडवता ठरावीक काळातल्या दुसऱ्या क्लिकचे पैसे सोडून द्यावेत. यातून जाहिरातदाराचे पैसे संपवायला रोज सकाळी एकदाच टिचकी मारणारा प्रतिस्पर्धी सुटेल, हा आक्षेप खरा आहे. पण पाच वेळा किंमत पाहून सहाव्यांदा खरेदी करणारे गिऱ्हाईकही तसेच दिसते. म्हणून तिथे एकेका माणसामागे न लागता, त्या जाहिरातीवरच्या शंभर क्लिकमागे चौकशी किती, विक्री किती, याचा आकडा जाहिरातदाराने स्वतः ठेवावा आणि तो अचानक घसरला, की हिशेब मागावा.