टिकली का अडकली?

दिवाळीच्या पिशवीत सगळ्यात स्वस्त काय असतं? टिकल्यांचा रोल. आणि पोरांची पहिली रडारड कशावरून होते? त्याच रोलवरून. दोन बार होतात, तिसऱ्याला बंदूक रुसते. मग घरातल्या ‘इंजिनीअर’ दादाला हाक जाते. तो दादा तुम्हीच असाल, तर हे वाचाच.

मागच्या दिवाळीत मी पेणहून रोह्याला मामाकडे गेलो होतो. सात वर्षांच्या मामेभावाला नवी बंदूक मिळाली होती, काउबॉयवाली. चापाभोवतीची कडी खाली ओढायची, परत वर घ्यायची, मग चाप दाबायचा. तिसऱ्या बाराला कागद अडकला. मी शहाणा! सरळ फटीत स्क्रू ड्रायव्हर घातला. आत न उडालेली टिकली होती. फट्‌! माझ्या बोटाला चटका बसला ते सोडा. भाऊ ‘बघू, बघू’ करत हाताशी वाकला होता. ठिणगी त्याच्या डोळ्यापासून चार बोटं लांबून गेली. मला घाम फुटला.

आजोबा धाटावच्या एमआयडीसीत फिटर होते. ते ओरडले नाहीत. खेळणं हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘आधी रिकामी कर, मग उघड. मशीन कुठलंही असो.’’

आत घडतं काय?

कडी ओढली की घोडा मागे जातो आणि आतला छोटा आकडा कागदी रोल एक टिकली पुढे सरकवतो. चाप दाबला की घोडा टिकलीवर आपटतो. खाली लोखंडाचा ठोकळा असतो, म्हणजे छोटी ऐरणच. जळका कागद वरच्या फटीतून बाहेर येतो. म्हणजे कामं तीन: माल आत आणणं, बार उडवणं, कचरा बाहेर टाकणं. अडचण आली, की यातलं नेमकं कुठलं बिघडलंय ते आधी ओळखायचं.

खऱ्या लिव्हरच्या रायफलीतही हेच तीन टप्पे असतात. १८७३ सालची विंचेस्टर घ्या. नळीखालच्या लांब नळकांड्यात काडतुसं ओळीने बसतात. कडी खाली गेली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं आणि एक उचलणारा ठोकळा नवं काडतूस वर आणतो. काडतुसाची लांबी ठरल्यापेक्षा कमी-जास्त झाली, तर तो ठोकळा मध्येच अडतो. आज इटलीत या रायफलीच्या प्रतिकृती बनतात, त्यांनाही ही खोड आहेच. आणि सगळ्यात नेहमीची चूक बंदुकीची नसतेच. माणूस घाईत कडी अर्धीच ओढतो. १९३९च्या ‘स्टेजकोच’मध्ये जॉन वेन एका हाताने रायफल गरकन फिरवतो, ते बघून आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं. करू नका, अडकेल.

दुरुस्ती, क्रमाने

– रोल काढा. आत टिकली राहिली असेल, तर ओल्या फडक्याने ती भिजवा आणि मगच हात लावा. खरवडायचं नाही. लहान मुलांना दोन हात लांब उभं करा.

– रोल दमट आहे का बघा. आपल्याकडे पाऊस सरला तरी हवेतला ओलावा जात नाही. ओला कागद आकड्यात फाटतो आणि टिकलीही फुसकी निघते. रोल डब्यात बंद ठेवा. तव्यावर किंवा गॅसजवळ वाळवायचा विचारही नको.

– रोल सैल फिरतो का? खोबणीत घट्ट बसला असेल, तर बाहेरचे दोन-तीन वेढे कमी करा. फाडताना दोन टिकल्यांच्या मधूनच फाडा.

– टिकली घोड्याच्या बरोब्बर खाली येते का? येत नसेल, तर रोल तिरका बसलाय. काढून पुन्हा सरळ लावा.

– फटीत काजळी साचलीय का? टिकलीत पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. त्यांची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंडाला गंज चढतो. पूर्वी रायफलींच्या काडतुसांतही क्लोरेट असायचं, म्हणून सैनिक नळीत उकळतं पाणी ओतून ती धुवायचे. आपल्याला ओलं फडकं पुरे. नंतर कोरडं पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सांध्यात सोडा. तेल पूर्ण पुसल्याशिवाय रोल भरू नका.

– एवढं करूनही घोडा जोरात आपटत नसेल, तर स्प्रिंग गेली. ती ताणून बसवण्यात अर्थ नाही.

अजून एक. अख्खा रोल दगडाने ठेचायची हौस प्रत्येकाला असते. एक टिकली म्हणजे गंमत, शंभर एकत्र म्हणजे दवाखाना.

आणि उरलेले रोल बॅगेत टाकून दिवा-रोहा गाडीत चढू नका. टिकल्या हा फटाकाच आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ नुसार गाडीतून असा धोकादायक माल नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आमची बंदूक अर्ध्या तासात सुरू झाली. आजोबांचे हात आता थरथरतात, त्यामुळे ते सांगत होते आणि मी करत होतो. शेवटी त्यांनी ती भावाच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘कडी पूर्ण ओढ. अर्धवट काम केलंस, की अडकतं.’’

भावाने कडी पूर्ण ओढली. बार झाला. बघत मात्र ते माझ्याकडे होते.