उत्सवमूर्तीला काम हवं

शहरांतल्या पहिल्या वाढदिवसाचा साचा आता पक्का झाला आहे. संध्याकाळी सातचं निमंत्रण, हॉलच्या दाराशी फुग्यांची कमान, एखाद्या कार्टूनची थीम, माइक हातात घेऊन खेळ घेणारा अँकर आणि निघताना प्रत्येकाच्या हातात रिटर्न गिफ्ट. पाहुणे जमेपर्यंत आठ वाजतात, केक कापेपर्यंत नऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी. त्या हिशेबाने केकची वेळ ही मुलाच्या झोपेची वेळ असते. त्यामुळे बहुतेक ठिकाणी उत्सवमूर्ती एकतर भोकाड पसरते, नाहीतर आजीच्या खांद्यावर मान टाकते. आईवडिलांची हौस खोटी नसते आणि खर्चही मनापासून केलेला असतो. तरी काहीतरी चुकतं, कारण या सगळ्या थाटात ज्याच्यासाठी तो केला त्याला करण्यासारखं काहीच ठेवलेलं नसतं. त्याने फक्त बसायचं, फोटोत दिसायचं आणि या मांडीवरून त्या मांडीवर जायचं. लहान मुलांच्या सोहळ्याची किंमत किती खर्च झाला किंवा किती परंपरा पाळली यावरून ठरवू नये. त्यात मुलाच्या हाताला किती काम मिळालं, ही त्याची खरी कसोटी असायला हवी.

या कसोटीला पुरेपूर उतरणारा महाराष्ट्रातला प्रकार म्हणजे दिवाळीचा किल्ला. सहामाही परीक्षा संपली की सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, दगड, फुटक्या कुंड्या जमू लागतात. त्यांचा ढीग रचून वर भिजवलेलं गोणपाट पसरायचं आणि चाळलेल्या मातीचा चिखल त्यावर थापायचा. चिखल सैल झाला तर उतारावरून ओघळतो, घट्ट झाला तर वाळल्यावर भेगा पडतात. हे कुणी शिकवत नाही, दोनदा बुरूज ढासळला की कळतं. काडीने पायऱ्या कोरायच्या, गेरू फासायचा, डबकं करून त्याला तळं म्हणायचं. अळीव मात्र हिशेबाने पेरावे लागतात. कोंब यायला दोन-तीन दिवस आणि डोंगर हिरवा दिसायला आठवडाभर लागतो, म्हणजे वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर माती त्याआधीच तयार हवी. शेवटी बाजारातून आणलेली चित्रं मांडायची, आणि त्यांत महाराज तटबंदीहून उंच असले, गवळण मावळ्याच्या दुप्पट असली तरी कुणाचं काही अडत नाही. या कामांची उतरंड बघण्यासारखी असते. बारा वर्षांचा दादा आराखडा ठरवतो, आठ वर्षांची ताई चिखल थापते आणि चार वर्षांचं शेंडेफळ तांब्यातून पाणी आणतं, निम्मं वाटेत सांडतं आणि रोज सकाळी अळिवांवर पाणी शिंपडायची जबाबदारी फार गंभीरपणे पार पाडतं. तिथे सगळ्यात लहानालाही खरं काम असतं.

भोंडल्यातही अशीच जागा राखलेली आहे. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरला जातो तेव्हा तीन वर्षांच्या मुलीला गाण्यांतली निम्मी अक्षरंही कळत नाहीत. पण फेर पुढे सरकवायला तिचा हात दोन्हीकडून धरलेला असतो. मग खिरापत ओळखायची वेळ येते. डबा कानाशी धरून हलवायचा, खुळखुळलं तर दाणे किंवा चिवडा, आवाजच आला नाही तर शिरा असा अंदाज बांधायचा, ‘गोड की तिखट’, ‘ओली की कोरडी’ असे प्रश्न विचारत उत्तराकडे सरकायचं. या खेळात वयाचा फायदा फारसा मिळत नाही, म्हणून लहानगीही जिंकू शकते. विदर्भ-खानदेशातल्या भुलाबाईच्या गाण्यांनंतरही खाऊ असाच ओळखावा लागतो. गोव्यात चवथीला गणपतीच्या वर माटोळी बांधतात. तिच्यासाठी रानातली फळं, पानं, फुलं गोळा करायला मुलं मोठ्यांबरोबर हिंडतात आणि कोणतं फळ कोणत्या झाडाचं, हे हिंडताहिंडता शिकतात.

बोरन्हाण वरवर पाहता याला अपवाद वाटेल. संक्रांत ते रथसप्तमीच्या काळात पाच वर्षांखालच्या मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात, औक्षण करतात आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओततात. मध्ये बसलेलं मूल काहीच करत नाही. मात्र या सोहळ्याचा जीव भोवतीच्या पोरांत असतो. ओतलेलं टिपायला ती तुटून पडतात, पाटावरचं मूल त्यांच्याकडे बघून स्वतःच्या मांडीवरचे चुरमुरे मुठीत धरू लागतं आणि पुढच्या वर्षी आपणहून टिपणाऱ्यांत सामील होतं. मोठी मुलं लहानांचा सोहळा करत आणि लहानं बघताबघता मोठी होत. ही व्यवस्था घरात आणि वाड्यात पोरांचा गोतावळा असेल तरच चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातला एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होता, तो २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. हे प्रगतीचंच लक्षण आहे, पण त्यामुळे एका मुलाभोवती चार-सहा मोठी माणसं आणि त्यांच्या हातांत तितकेच मोबाइल, असं चित्र झालं. पोरांनी करायचं काम आता मोठी माणसं करतात. ती थकली की इव्हेंट करणाऱ्याला बोलावतात.

मुलाला खरंच कामात रस असतो का, की ही मोठ्यांची समजूत आहे? फेलिक्स वार्नेकन आणि मायकल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी अठरा महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केले आणि २००६ मध्ये ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा खाली पाडतो आणि त्याचा हात पोचत नाही. दोन्ही हात भरलेले असल्याने त्याला कपाटाचं दार उघडता येत नाही. अशा वेळी कुणी सांगितलं नसताना, बक्षीस नसताना चोवीसपैकी बावीस मुलांनी निदान एकदा तरी मदत केली. याच दोघांनी पुढे वीस महिन्यांच्या मुलांवर केलेला प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो तर अधिक विचार करायला लावणारा आहे. ज्यांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळाली, त्यांची पुढची मदत कमी झाली. ज्यांना काहीच मिळालं नाही किंवा नुसती शाबासकी मिळाली, त्यांची टिकली. म्हणजे मदतीची ओढ मुलांत असतेच, आणि आपण लाच देऊन ती बिघडवूही शकतो. ‘मोदक वळायला मदत केलीस तर चॉकलेट देईन’ असं म्हणताना मोदक वळणं हीच गंमत असू शकते, हे आपण त्याच्या मनातून पुसत असतो.

बार्बरा रोगॉफ या संशोधक विदुषीने ग्वाटेमालातल्या माया समाजाचा अनेक वर्षं अभ्यास केला. तिथली लहान मुलं मोठ्यांच्या कामात बघतबघत शिरतात आणि त्यांना वेगळं बसवून शिकवलं जात नाही, असं तिला आढळलं. हे समजायला आपल्याला ग्वाटेमालापर्यंत जायची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसोरी पद्धतीवर काम केलं आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, गारगोट्या, पानं हीच साधनं केली आणि मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा भरली. मुलाच्या हाताशी जे आहे त्यातूनच त्याला काहीतरी करू द्यायचं, हा त्या कामामागचा विचार किल्ल्याच्या मातीलाही तसाच लागू पडतो.

सणवारांचा मुलांना उपयोग होतो का, याची शास्त्रीय छाननीही झाली आहे. बार्बरा फीस आणि सहकाऱ्यांनी पन्नास वर्षांतल्या संशोधनाचा आढावा २००२ मध्ये घेतला. रोजच्या जेवणाची-झोपेची घडी आणि घरातले ठरलेले सोहळे यांचा मुलांच्या आरोग्याशी, अभ्यासाशी आणि कुटुंबातल्या जिव्हाळ्याशी संबंध दिसतो, असा त्याचा सूर होता. यावर रास्त शंका निघते की, ज्या घरात मुळात शांतता आहे तिथेच सोहळे टिकत असतील. मग श्रेय सोहळ्याला का द्यायचं? शंका खरी आहे, कारण असा संबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. म्हणून ‘सण साजरे करा, मूल हुशार होईल’ असं आश्वासन कुणी देऊ नये. माझा दावा त्याहून लहान आहे. सोहळा करायचाच आहे, तर तो मुलाला बाजूला बसवून करण्यापेक्षा त्याला हाताशी घेऊन केलेला बरा.

पहिला आक्षेप वेळेचा आणि जागेचा. आईवडील दोघंही नोकरी करतात, फ्लॅटमध्ये माती आणायची कुठून आणि चार वर्षांच्या मुलाला मदतीला घेतलं की अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागतो. हे खरं आहे, आणि म्हणूनच कामाचं प्रमाण कमी करायला हवं. पाच पदार्थ विकत आणावेत आणि एकच घरी, पण तो मुलाला घेऊन. शंकरपाळ्यांना कातण फिरवणं, वेलदोडे सोलणं, पणत्या पाण्यात भिजवून पुसणं, सुपलीत तांदूळ पसरणं ही छोटी कामं चार वर्षांच्या हातांना जमतात. किल्ला परातीतही होतो. परदेशातल्या अनेक मराठी कुटुंबांना तर दिवाळीची सुट्टीही नसते. मंडळाचा कार्यक्रम जवळच्या शनिवारी होतो. तिथेही मुलाला तयार पोशाख चढवून स्टेजवर उभं करण्यापेक्षा आदल्या रात्री आकाशकंदिलाच्या शेपट्या चिकटवायला बसवलं तर दिवाळी त्याच्या अधिक ओळखीची होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या सणांत फार काही गोड नव्हतं. हळदीकुंकवातून विधवांना वगळलं जाई, कोण कुणाच्या घरी फेर धरायला जाईल हे जात ठरवी, आणि मुलींच्या वाट्याला सणाचं काम तर मुलांच्या वाट्याला सणाचं जेवण येई. शिवाय ‘मुलांना काम’ हे शब्द ज्या देशात बालमजुरीसाठी वापरले गेले, तिथे ते जपूनच वापरायला हवेत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच परंपरा हा माझा निकष नाही. मुलाचं काम त्याच्या खेळाशी नातं सांगणारं असावं, अर्ध्यावर सोडायची मुभा त्यात असावी आणि घराचा गाडा त्याच्यावर अवलंबून नसावा. लहान भावंडं सांभाळण्यासाठी शाळा सोडणारी मुलगी यात बसत नाही. या निकषाने पाहिलं तर वाटणीही सुधारते: मुलगाही करंजीच्या कडा मुडपेल, मुलगीही विटा रचेल, फेरात शेजारच्या सगळ्यांना बोलावलं जाईल आणि औक्षणाचं तबक घरातल्या कोणत्याही आजीच्या हातात असेल. मुलाच्या हातून होणारा सोहळा बदलायला सोपा असतो, कारण ‘असंच का’ हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो.

तिसरा आक्षेप खुद्द मुलांचा असतो: सगळ्यांच्या वाढदिवसाला हॉल, मग माझ्याच का नाही? पाच-सहा वर्षांच्या मुलाला चारचौघांसारखं असावंसं वाटणं स्वाभाविक आहे आणि ते हिणवण्यात शहाणपण नाही. केक असू द्यावा, मित्र असू द्यावेत. फक्त वेळ दुपारची किंवा चारची ठेवावी, पाहुणे मोजके असावेत आणि यजमानपण मुलाकडे द्यावं: निमंत्रणावर चित्र त्याने काढावं, पाण्याचे पेले त्याने मांडावेत, मित्रांना खाऊ त्याने वाढावा. रिटर्न गिफ्टऐवजी मुलांनी मिळून रुजवलेल्या मेथीची एकेक वाटी घरी नेली तरी चालेल. लहानांना मोकळं सोडताना मोठ्यांनी आपलं कामही विसरू नये. बालरोगतज्ज्ञ चार वर्षांखालच्या मुलांना कडक, गोल खाऊ देऊ नका असं सांगतात, कारण तो घशात अडकू शकतो; म्हणून बोरन्हाणात बिया असलेली बोरं, सबंध दाणे आणि कडक गोळ्या तान्ह्यांच्या मुठीत जाणार नाहीत हे बघायला एक माणूस नेमलेलाच असावा.

एवढं केल्यावर सोहळा देखणा होईलच असं नाही. मोदकाच्या कळ्या वाकड्या पडतील, रांगोळीचे ठिपके ओळ सोडतील आणि फोटो पाठवल्यावर नातेवाइकांचे कौतुकाचे मेसेज थोडे कमी येतील. ही किंमत मोजायला आईवडील तयार आहेत का, हाच खरा प्रश्न आहे, कारण आजचे बहुतेक सोहळे दिमाखदार होतात ते मुलांच्या नव्हे तर बघणाऱ्यांच्या अपेक्षेमुळे. पुढच्या सणाची यादी करताना किराणा आणि पाहुणे यांच्याबरोबर घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या नावापुढे एक काम लिहावं, आणि ते त्याच्याकडून पुरं झालं नाही तरी काढून घेऊ नये.