बढती: बक्षीस की नेमणूक?

खासगी कंपन्यांतील बढतीविषयी घरोघरी जे समज रूढ आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ सरकारी कचेरीतील सेवाज्येष्ठतेच्या यादीत सापडते. त्या यादीत रुजू झाल्याच्या तारखेला महत्त्व असते, वरची जागा रिकामी झाली की खालच्याचा नंबर लागतो आणि तोवर गोपनीय अहवालातला शेरा बिघडू न देण्याची दक्षता घेतली की बरेचदा पुरते. कॉर्पोरेट क्षेत्रात, म्हणजे भागधारकांचे भांडवल आणि पगारी व्यवस्थापक यांच्यावर चालणाऱ्या कंपन्यांत, अशी यादी सहसा नसते. तरीही ‘नेमून दिलेले काम चोख केले की बढती आपोआप मिळते’ हा समज हिंजवडी आणि ऐरोलीच्या काचेच्या इमारतींतही टिकून आहे.

वस्तुस्थिती अशी की बढती हे झालेल्या कामाचे बक्षीस नसते, ती पुढच्या कामावरची नेमणूक असते. झालेल्या कामाचा मोबदला वार्षिक पगारवाढ आणि व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीनुसार कमीअधिक होणारा पगाराचा हिस्सा, यांतून चुकता होतो. बढतीसाठी मात्र वरची जागा निर्माण व्हावी लागते, आणि ती नवा प्रकल्प, नवा ग्राहक किंवा कुणाचा तरी राजीनामा यांवर अवलंबून असते. ती जागा कुणाला द्यायची हे अनेक मोठ्या कंपन्यांत कॅलिब्रेशनच्या बैठकीत ठरते. निरनिराळ्या मॅनेजरांनी दिलेल्या श्रेणी एकमेकींशी ताडून पाहणे हे या बैठकीचे काम. पडद्यावर एक्सेलची यादी उघडलेली असते, प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वाट्याला तिच्यातली एक ओळ आलेली असते, आणि ज्याच्याविषयी निर्णय व्हायचा तो स्वतः तेथे नसतो. त्याच्या वतीने त्याचा मॅनेजर जी दोन-तीन वाक्ये बोलेल, तेवढ्यावर त्याचे वर्ष तोलले जाते. ‘मेहनती आहे, वेळेत काम करतो’ हे वाक्य यादीतल्या कोणत्याही ओळीपुढे म्हणता येते, म्हणूनच ते कुणाच्याच उपयोगी पडत नाही. उलट ‘महिनाअखेरच्या बिलिंगला दोन दिवस लागत होते, ते हिने चार तासांवर आणले आणि दोन नव्या मुलांना शिकवूनही ठेवले’ हे वाक्य फक्त एकाच ओळीचे असू शकते. ‘काम बोलते’ असे म्हणण्याची रीत असली, तरी त्या खोलीत काम बोलत नाही, माणूस बोलतो, आणि त्याला बोलण्यासाठी मजकूर पुरवावा लागतो. सेल्फ अप्रेझलचा फॉर्म, म्हणजे कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा वर्षभराच्या कामाचा तक्ता, हे त्याचेच साधन आहे; मुदतीच्या आदल्या रात्री आठवेल तेवढे लिहून तो उरकणारे लोक बहुधा शेवटच्या दोन महिन्यांचेच काम नोंदवतात.

श्रेणी कमी आली म्हणजे कुवत कमी, हाही समज तपासून घ्यावा लागतो. जॅक वेल्च 1981 ते 2001 या काळात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रमुख होते, तेव्हा त्यांनी कर्मचाऱ्यांची वरचे 20, मधले 70 आणि तळाचे 10 टक्के अशी सक्तीची विभागणी रूढ केली आणि तिचे अनुकरण भारतातही झाले. या पद्धतीला बोलीत ‘बेल कर्व्ह’ म्हणतात. दहा जणांचा निवडक चमू असला आणि दहाही जण उत्तम असले, तरी एकाला तळाशी ढकलावेच लागते. मोठ्या लोकसंख्येसाठी योग्य ठरणारा आलेख दहा माणसांवर लादणे हे संख्याशास्त्र नव्हे, हिशेबाची सोय आहे. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये आणि इन्फोसिसने 2015 मध्ये ही सक्ती सोडून दिली.

उत्तम काम करणाराच उत्तम मॅनेजर होतो, या समजुतीची खिल्ली लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी 1969 च्या पुस्तकात उडवली होती: प्रत्येकजण एका जागेवर यशस्वी होऊन पुढच्या जागेवर चढत जातो आणि जेथे तो अकार्यक्षम ठरतो तेथेच थांबतो. अनेक तंत्रज्ञान कंपन्यांनी माणसे सांभाळण्याची जबाबदारी नसलेली, निव्वळ तांत्रिक पदांची स्वतंत्र शिडी ठेवली आहे, ती याच कारणाने. परंतु मुलगा ‘मॅनेजर’ झाला की नाही, एवढेच विचारणाऱ्या नातेवाइकांना ती दिसत नाही.

ओळखी वाढवणे म्हणजे वशिला लावणे, असे मराठी मध्यमवर्गाला मनापासून वाटते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या नोकरदारांचा अभ्यास करून 1973 मध्ये मांडलेला निष्कर्ष वेगळा आहे: परिचितांकडून नोकरीची माहिती मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती जिवलगांकडून मिळालेली नव्हती, क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून मिळाली होती, कारण जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही बहुधा ठाऊक असतेच. वशिल्यात पात्रतेला वळसा घातला जातो. येथे फक्त जागा रिकामी असल्याची बातमी पोचते.

‘दर दोन वर्षांनी नोकरी बदलली की प्रगती होते’ या अलीकडच्या समजात अर्धे तथ्य आहे, कारण बाहेरून येणाऱ्याला वाढीव पगार देणे कंपनीला पुष्कळदा भागच पडते. मात्र नव्या ऑफर लेटरवरचा सीटीसी, म्हणजे त्या कर्मचाऱ्यावर कंपनीला येणारा एकूण वार्षिक खर्च, आणि हाती पडणारा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटीसीत भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा वाटा सहसा धरलेला असतो आणि पुष्कळदा ग्रॅच्युइटीही. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन, महिना 26 दिवसांचा, या सूत्राने ग्रॅच्युइटी वार्षिक मूळ वेतनाच्या 4.81 टक्के भरते. पण मृत्यू किंवा अपंगत्वाचा प्रसंग सोडला, तर कायम कर्मचाऱ्याला ती सलग पाच वर्षांच्या सेवेनंतरच देय होते. ही अट 1972 च्या कायद्यात होती आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. दोन-दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्याच्या प्रत्येक ऑफर लेटरवर ही रक्कम छापलेली असते आणि त्याच्या खात्यात ती एकदाही जमा होत नाही.