गिटार गंजली म्हणून टाकू नका

एका ताईंनी विचारलंय, "पावसाळ्यात लेकीच्या इलेक्ट्रिक गिटारीला गंज चढला. आता भंगारात द्यायची का?" नाही ताई, घाई करू नका.

गिटारीच्या तारा पोलादी असतात. बोटांच्या घामातलं मीठ आणि दमट हवा मिळून त्या गंजतात. स्क्रूंवर निकेलचा मुलामा असतो. तो उडाला की आतलं लोखंड गंजतं.

पितळी भांड्यासारखी चिंच किंवा लिंबू इथे लावू नका, आंबटाने धातू आणखी खराब होतो. तारेची घासणीही नको. तारांखालच्या पिकअपमध्ये लोहचुंबक असतं. घासणीचा चुरा त्याला चिकटला की निघता निघत नाही, आवाज बिघडतो.

आधी वायर काढा. तारा हळूहळू सैल करून काढा. गंजलेल्या असतील तर नव्या घाला. पिकअपवर कागदी चिकटपट्टी लावा. शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब गंजावर सोडा, जुन्या टूथब्रशने घासा, सुती फडक्याने पुसा. लाकडाला तेल लागू देऊ नका. स्क्रू अडला तर जोर लावू नका, तेल सोडून रात्रभर ठेवा. उडालेला मुलामा परत येणार नाही, पण गंज पसरायचा मंदावेल.

आणि लेकीला एक सवय लावा: वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या. ओलसर भिंतीला गिटार टेकवायची नाही. नव्या चपलांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी गिटारीच्या पिशवीत ठेवा. फडकं फुकटचं, गिटार मात्र हजारांची!