कॉटबेसिसवरची सदाशिव पेठ

पानिपतात पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ ब्राह्मणी म्हणून ओळखली जाते. आज मात्र माझ्या गल्लीत लातूर, नांदेड, बुलढाण्याहून स्पर्धापरीक्षेसाठी आलेली, नाना जातींची मुले कॉटबेसिसवर राहतात. अभ्यासिका आणि मेस त्यांच्याच जिवावर चालतात. पण ही सरमिसळ मुरत नाही. वाडे पाडून सोसायट्या झाल्या, तेव्हा सदनिका मालकांना आणि जुन्या भाडेकरूंना मिळाल्या; नव्याला आधी आडनाव विचारतात. (आम्ही त्याला ‘चौकशी’ म्हणतो.) कायद्याचा धाकही बेताचाच: अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व स्वसमाजापुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. परीक्षेची वयोमर्यादा संपली की मुले गावी परततात. कॉटवर दुसरा येतो. सोसायटीच्या सभासदयादीतली आडनावे तीच राहतात.