विमानातल्या सूचना आणि केबिन क्रूच्या सवयी : मुलांच्या 'का?'ची उत्तरे



कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावाजवळचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. तेव्हापासून आपल्या भागातल्या मुलांसाठी विमान म्हणजे आभाळातला ठिपका राहिलेला नाही. ते खाली येताना दिसतं, त्याची चाकं दिसतात. वर्गातलं एखादं मूल काकाकडे हैदराबादला विमानाने जाऊन आलेलं असतं, आणि मग प्रश्न सुरू होतात. त्या ताई दारात उभ्या राहून सगळ्यांना नमस्कार का करतात? दिवे का घालवतात? एवढा वेळ हातवारे करून काय दाखवतात?

आधी एका शब्दाबद्दल. आपल्याकडे अजून 'हवाई सुंदरी' हा शब्द चालतो. मला तो मुलांना शिकवावासा वाटत नाही. १९३० साली अमेरिकेत एलन चर्च ही जगातली पहिली स्त्री या कामावर रुजू झाली, ती प्रशिक्षित नर्स होती. चहा-नाश्ता देणं हे या लोकांचं दुय्यम काम आहे. अडचणीच्या वेळी माणसं जिवंत बाहेर काढणं हे मुख्य काम. म्हणून 'केबिन क्रू' म्हणा, किंवा सरळ 'विमानातले कर्मचारी' म्हणा.

हे एकदा लक्षात घेतलं की त्यांच्या सवयी उलगडायला लागतात. दारातल्या नमस्कारासोबत त्यांची नजर काम करत असते. कोण आजारी दिसतंय, कोण पिऊन आलंय, कुणाच्या कडेवर बाळ आहे, आणि वेळ आली तर दाराजवळ मदतीला कोण धडधाकट आहे, हे सगळं त्या काही सेकंदांत टिपलं जातं. उड्डाणाच्या वेळी त्या आपल्या छोट्या खुर्चीवर ताठ, गप्प बसलेल्या दिसतात. मुलांना वाटतं, घाबरल्या असतील. तसं नाही. त्या मनात उजळणी करत असतात: माझं दार कोणतं, ते कसं उघडायचं, ओरडून काय सांगायचं. आपण परीक्षेच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगतो ना, तसंच.

खिडकीचे पडदे वर करायला लावतात ते बाहेरचं दिसावं म्हणून. कोणत्या बाजूला आग आहे हे न बघता दार उघडलं तर धूर आणि ज्वाळा आत येतील. रात्री दिवे मंद करतात ते डोळ्यांसाठी. उजेडातून एकदम अंधारात गेलो की काही वेळ काहीच दिसत नाही. लोडशेडिंगची सवय असलेल्या मुलांना हे वेगळं सांगावं लागत नाही. डोळे आधीच अंधाराला सरावलेले असले तर बाहेर पडताना चाचपडावं लागत नाही. खुर्चीची पाठ सरळ आणि पुढचं टेबल बंद ठेवायचं, कारण मागच्या माणसाची वाट अडू नये. मोठं प्रवासी विमान बनवताना कंपनीला एक चाचणी द्यावी लागते. निम्मीच दारं वापरून, भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं झालं पाहिजे.

हे खरंच घडतं का? २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जण गेले. मोठ्या विमानाला आग लागली, आत ३७९ माणसं होती. घोषणा करायची यंत्रणा बंद पडली. क्रूने भोंगे घेऊन आणि गळा काढून ओरडून सूचना दिल्या. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती. तरी ३७९ च्या ३७९ माणसं जिवंत बाहेर आली, आणि बहुतेकांनी वरच्या कप्प्यातल्या बॅगांना हातसुद्धा लावला नाही. पालकांनी हा प्रसंग घरी जरूर सांगावा. बस थांबण्याआधीच बॅगा काढायला उठणारे आपण, आपल्याला त्याची गरज आहे.

दार उघडलं की आपोआप फुगणारी घसरगुंडी मोठ्या विमानांना असते. एटीआर ७२ सारख्या छोट्या, पंख्याच्या विमानाला ती नसते, कारण त्याचं दार जमिनीपासून फार उंच नाही. त्याच्या मागच्या दारालाच पायऱ्या जोडलेल्या असतात.

सगळ्यात अवघड सूचना ऑक्सिजन मास्कची. 'आधी स्वतःला लावा, मग मुलाला.' कोणत्याही आईला हे पटणार नाही, आणि म्हणूनच ती दर वेळी सांगावी लागते. कारण समजून घ्या. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे, राज्यातलं सर्वांत उंच. जेट विमान साधारण ३५,००० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या सहापटीहून जास्त उंचीवर उडतं. आतली हवा मात्र यंत्राने दाबून जास्तीत जास्त ८,००० फुटांइतकी ठेवलेली असते, म्हणजे दीड कळसूबाई. म्हणूनच वेफर्सचा पुडा फुगतो आणि कान बंद होतात. हा दाब एकदम गेला तर त्या उंचीवर माणूस शुद्धीवर असूनही अर्ध्या ते एका मिनिटात काही करण्याच्या स्थितीत राहत नाही. आई आधी मुलाच्या मास्कशी झटापट करत बसली आणि तिचीच शुद्ध गेली, तर मुलाकडे बघणार कोण? स्वतःला लावायला पाच-सात सेकंद लागतात. मग मुलाला शांतपणे लावता येतो. तोपर्यंत वैमानिक विमान १०,००० फुटांच्या आसपास खाली आणायला लागलेला असतो, तिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो.

लाइफ जॅकेट बाहेर पडतानाच फुगवा, आत नाही, हीसुद्धा अनुभवातून आलेली सूचना आहे. १९९६ साली इथिओपियाचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं, तेव्हा आतच जॅकेट फुगवलेले अनेक प्रवासी पाणी चढल्यावर छताकडे ढकलले गेले आणि अडकले. नगर जिल्ह्यात समुद्र कुठला, असं मुलं हसून विचारतील. मुंबईहून पश्चिमेकडे उडालेलं विमान मिनिटभरात अरबी समुद्रावर असतं, हे नकाशात दाखवा.

आता थोडं मराठीच्या तासाचं. हिंदी घोषणेत 'कुर्सी की पेटी' बांधायला सांगतात. आपल्या मुलाच्या डोळ्यांसमोर पेटी म्हटलं की पत्र्याची ट्रंक येते, नाहीतर भजनातली पेटी. तेव्हा सूचनालेखन शिकवताना हाच विषय द्या. पट्टा, मास्क, दारं आणि सामान, एवढ्या चारच गोष्टींची घोषणा मराठीत लिहायची. वाक्यं छोटी हवीत, क्रियापद आज्ञार्थी हवं. मग ती वर्गात मोठ्याने वाचायची, आणि घरी जाऊन कधीच विमानात न बसलेल्या आजीला ऐकवायची. काय करायचं हे आजीला एकदा ऐकून सांगता आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायची.